नुसतं तेल लावू नकोस

ऋजुता,

१९५६ चा जानेवारी. गिरगावात अश्रुधूर फुटत होता आणि त्यातच चिंतामणी मला बघायला येणार होते. गालावरच्या मुरमांची मला इतकी लाज वाटे, की सकाळी मी नीलगिरीचं तेल नुसतंच चोळलं. उजवा गाल भाजून निघाला. आईने पाहुण्यांना सांगितलं, "मोर्चात गेली होती, अश्रुधुराने झालं."

"शाब्बास! कुठल्या मोर्चात?" चिंतामणींनी विचारलं.

मला मान वर करवेना. म्हटलं, "मुरमांना तेल लावलं." आईने घाईघाईने पोह्यांच्या बश्या पुढे केल्या.

तुझ्या आरशापाशी टी ट्री ऑइल दिसलं. तेही तसंच लावू नकोस. चमचाभर बदामतेलात दोन थेंब घाल, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघ. डोळ्यांजवळ नको. जळजळलं तर लगेच धू.

चिंतामणींनी माझ्या धाकट्या बहिणीला, पद्मजाला पसंत केलं. आज त्यांचं वर्षश्राद्ध, म्हणून मी तिच्याकडे दादरला जातेय. आई शेवटपर्यंत अश्रुधूरच सांगत राहिली. तुझ्या आजोबांनी गालावर राहिलेल्या डागाबद्दल कधी विचारलं नाही. मी मात्र अजून फोटोत उजवा गाल लपवते. तुझ्या बारशाचा फोटो बघ.

आजी