बारावा बाण

३ मार्च
आज पुन्हा तोच आवाज. वहिनीच्या हातून पेन्सिल मोडली आणि माझा चहा सांडला. तीन आठवडे झाले. दादाने दोरी सोडली, बाण धनुष्यावरच चिरला, अर्धी दांडी डाव्या तळव्यात. त्याचं ओरडणं विसरले मी. आधीचं ते 'टच्' मात्र पाठ सोडत नाही.

४ मार्च
बाबा कारखान्यात फिरकले नाहीत. "डोळे गेले माझे. पोराचा हात मीच घालवला." दिवसभर एवढंच. चाळीस वर्षं बाण करणारा माणूस खिडकीशी बसून नखं कुरतडतोय!

७ मार्च
लिहून टाकते. इथे तरी.
दादासाठी केलेल्या त्या डझनभर बाणांतल्या अकरा खाचा बाबांनी पाडल्या. ते चहाला उठले, बारावी मी पाडली. दोरीत बसणारी ही खाच लाकडाच्या रेषांना आडवी हवी. रेषांच्या बाजूने पाडली, की दोरीच्या दणक्याने दांडी उभी चिरते. लहानपणापासून बाबांनी डोक्यात भरलंय — आधी ओलं बोट फिरव, रेषा बघ, मग करवत. मला घाई होती. बोट कोण ओलं करतंय! आणि नेमका तोच बाण दादाच्या हाती लागला असणार. तुकडे बाबांनी त्याच दिवशी जाळले.
मी गप्प बसले. लाज वाटते स्वतःची.

८ मार्च
नाही सांगितलं.

११ मार्च
सांगितलं. "बाबा, ती खाच माझी होती." वाटलं, थोबाडीत देतील. ते म्हणाले, "म्हणजे मी नव्हे?" आणि रडायलाच लागले. मीही. दादा पट्टी बांधलेला हात उचलून म्हणाला, "हात माझा गेला, आणि रडताय तुम्ही दोघं."
बाबा दोन पोळ्या जास्त जेवले. उद्यापासून बसतो म्हणाले. किती हलकं वाटतंय!

१२ मार्च
बाबांनी सकाळी पहिली खाच पाडली. बोट ओलं केलं, दांडी डोळ्यांजवळ नेली, सगळं रीतसर. खाच रेषांच्या बाजूने. "बघ, झकास झालीये," म्हणाले. मी हो म्हटलं.
मग दादाच्या भात्यातले उरलेले अकरा बाण काढून बघितले. चार तसेच, रेषांच्या बाजूने. मी तर एकच खाच पाडली होती.
बाबा आत शीळ घालतायत.