चार दिवसांच्या तापाला न्याय

४ जानेवारी २०१६, सोमवार
आजपासून रोजनिशी. ज्याचं आयुष्य बदलणार आहे, त्याच्याकडे लेखी पुरावा असावा.
झेरॉक्सवाल्या प्रविणच्या दुकानावर कागद चिकटवलेला दिसला. डहाणूत मेडिकल ट्रान्सक्रिप्शनची कंपनी निघालीय. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासून टेपवर बोलतो. आपण इथे बसून ते ऐकायचं आणि इंग्रजीत टाइप करायचं. एसी ऑफिस. नोकरीआधी टेस्ट, २० फेब्रुवारीला. टायपिंग, वैद्यकीय शब्द आणि टेप ऐकून लिहिणं.
हे तर माझंच काम! तलासरीत तहसीलबाहेर नऊ वर्षं टेबल टाकून बसलोय. लोक बोलतात, मी अर्ज टाइप करतो. फरक एवढाच, की तिथे बोलणारा डॉक्टर असेल.
घरी येऊन बायकोला, निलमला सांगितलं, नोकरी झाली समज. तिने विचारलं, भाजी आणली का. विसरलो होतो.

६ जानेवारी
आमच्या झरी गावचा सुकऱ्या आला होता. पाड्यावरचा हातपंप आठ दिवस बंद. मी तीन महिने लिहिले. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गुरं तहानलेली घातली. शेवटी माझं नेहमीचं, 'तरी मेहेरबानांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा.'
सुकऱ्या म्हणाला, मी आठच दिवस बोललो. त्याला समजावलं, माणूस बोलतो ते अर्धवट असतं, ते पूर्ण करणं ही कला आहे. आठ दिवसांसाठी कोण खुर्चीतून उठणार?

९ जानेवारी
वेळापत्रक ठरलं. पहाटे पाच ते सात टायपिंग. सात ते आठ शब्द पाठ.

१० जानेवारी, सकाळी ८.४०
उठलो. थंडी फार आहे. वेळापत्रक संक्रांतीनंतर लागू.

१३ जानेवारी
प्रविणने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. टेप पायाने चालवतात म्हणे. पॅडल दाबलं की डॉक्टर बोलतो, सोडलं की गप्प. हे आवडलं.
निलम ब्लाऊज शिवते, त्यामुळे घरात पायाचं मशीन आहेच. त्यावर सराव केला. हात पाटावर, पाय पॅडलवर. मशीनला पाड्यावरच्या नवशीचा ब्लाऊज लावलेला होता, ते लक्षात आलं नाही. बाही पाठीला शिवली गेली. निलम बसून उसवत राहिली. मशीन जुनं झालंय.

१८ जानेवारी
वैद्यकीय शब्दांची यादी छापून आणली. सहाशे शब्द. निलमचं लग्नाआधी नर्सिंगचं एक वर्ष झालंय, म्हणून विचारायचं काम तिला दिलं. साठपैकी अकरा आले. बाकीचे तिनेच सांगून टाकले. विचार करायला वेळच देत नाही. हल्ली भाकऱ्या थापतानाही शब्द पुटपुटते. तिला म्हटलं, तुला काय करायचंय?

२२ जानेवारी
अभ्यासासाठी घरी राहिलो आणि टेबलावर निलमला बसवलं. दुपारी झोप झाल्यावर चक्कर टाकली. नवशी रेशनकार्डावरचं नाव बदलायला आली होती. निलमने ती बोलली तेवढंच टाइप केलं होतं. चार ओळी! अर्ज कसला, चिठ्ठी. मी बाजूला बसून नवीन केला. नवशीला विधवा केलं, जरा वजन येतं. तिचा नवरा शुक्रा शेजारीच बिडी ओढत उभा होता. त्याला वाचून दाखवलं, तर म्हणाला, "अरे, मी हाय ना अजून!"
निलमने माझा कागद फाडला आणि तिचाच आत पाठवला. अर्ज कसा लिहावा याची तिला जाणच नाही.

२५ जानेवारी
नवशीचं काम झालं. योगायोग.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर शाळेच्या मैदानात सगळ्यांना नोकरीचं सांगून टाकलं. आई तर लगेच गावभर फिरून आली. टेबल, खुर्ची आणि गेटजवळची सावलीची जागा प्रविणला देऊन टाकली, जुना लॅपटॉप तेवढा घरी आणला. परतीचा दोर ठेवला की माणूस ढिला पडतो. प्रविण म्हणाला, टेस्ट अजून व्हायचीय ना? मी नुसता हसलो. निलम हसली नाही. घरी आल्यावर म्हणाली, आता माझ्या ब्लाऊजांवर घर चालणार का? म्हटलं, फक्त महिनाभर.

४ फेब्रुवारी
स्पीड मोजला. मिनिटाला एकोणीस शब्द. कंपनीला पस्तीस पाहिजेत. डहाणूचा कीबोर्ड चांगला असणार.
निलमनेही गंमत म्हणून करून पाहिलं. एकतीस. पण ती घाईघाईत करते.

१२ फेब्रुवारी
सायवनला मामेभावाचं लग्न. तीन दिवस अभ्यास नाही. जेवणाच्या पंगतीत मांडीवर बोटं चालवत होतो. आत्याला वाटलं थरथर सुटलीय, तिने लिंबू आणून दिलं.

१९ फेब्रुवारी
उद्या टेस्ट. मनाने तयार आहे. निलमलाही नेतोय. नवऱ्याचा असा दिवस बायकोने डोळ्यांनी पाहावा. छोट्या लेकीला, बारकीला, आईकडे ठेवणार.

२० फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळ
विजय!
एसटीने वेळेत पोचलो. मेडिकल स्टोअरच्या वरच्या मजल्यावर ऑफिस, खरंच एसी. बारा मशीन, अकराच जण आले. तिथल्या मॅडमनी बाहेर बसलेल्या निलमला विचारलं, तुम्ही देता का टेस्ट? ती माझ्याकडे बघायला लागली. मीच म्हटलं, बस, एसीत तेवढंच बरं वाटेल. मन मोठं असावं माणसाचं.
टायपिंगला कीबोर्ड माझ्या अपेक्षेएवढा चांगला निघाला नाही. शब्दांचा पेपर कोणालाच सोपा गेला नसणार.
पण तिसरी टेस्ट! टेपवर डॉक्टर. चाळीस वर्षांचा पेशंट, चार दिवस ताप, खोकला, गोळ्या, तीन दिवस विश्रांती. संपलं. बिचाऱ्या पेशंटची बाजू इतकी कच्ची! चार दिवसांच्या तापावर कोण रजा देईल? नऊ वर्षांचा अनुभव पणाला लावला. तापाचे अकरा दिवस केले. अशक्तपणा घातला. घरात पाच खाणारी तोंडं आणि कमावता हा एकटा, हेही घातलं. शेवटी अदबीची विनंती, की डॉक्टरसाहेबांनी सहानुभूतीने विचार करून पुरेशी विश्रांती द्यावी.
बाकीच्यांचं अर्ध्या पानात आटोपलं. माझं दीड पान! निलमचं तर अर्धं पानही भरलं नाही. परतताना ती म्हणाली, पॅडल अगदी आपल्या मशीनसारखंच होतं. तिला म्हटलं, नाराज होऊ नकोस, पहिलाच प्रयत्न होता.

२३ फेब्रुवारी
फोन नाही. दीड पान तपासायला वेळ लागतोच.

२५ फेब्रुवारी, दुपारी १२.१०
कंपनीचा फोन आला! मॅडमनी विचारलं, निलम आहेत का? मी म्हटलं, कामात आहे, मला सांगा. निलमची निवड झालीय. सोमवारी हजर व्हायचं. माझं विचारलं, तर म्हणाल्या, तुम्ही उद्या येऊनच जा.
म्हणजे मला वरची पोस्ट असणार. ती फोनवर सांगत नाहीत.

२६ फेब्रुवारी
मॅडमनी माझा कागद समोर ठेवला. जागोजागी लाल पेन. म्हणाल्या, आधी ऑफिसभर हसलो, मग हसू थांबलं. टेपवरचा माणूस उद्या खरा असेल. तुमचा कागद वाचून पुढचा डॉक्टर औषध देणार. चार दिवसांच्या तापावर अकरा दिवसांच्या तापाचं औषध दिलं, तर त्या माणसाचं काय होईल?
मी म्हटलं, मी त्याच्या भल्यासाठीच केलं. त्या म्हणाल्या, म्हणूनच जास्त भीती वाटते.
लाज वाटली. खूप वाटली. एसटी स्टँडवर येऊन कटिंग चहा घेतल्यावर थोडी कमी झाली.
घरी निलमला सांगितलं, मॅडमना माझी भाषा जड गेली. तिने ताटात दुसरी भाकरी वाढली.

२७ फेब्रुवारी
प्रविणकडे टेबल परत मागितलं. म्हणाला, गिऱ्हाइकांना आता माझी सवय झालीय, तू अर्ज करून ठेव. चहा पाजला त्याने, ते खरं. माझ्याच खुर्चीत बसून.

२९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ६.३०
कंपनीला हजर होत असल्याचं पत्र द्यायचं होतं. निलम केस विंचरत बोलत होती, मी टाइप करत होतो. आधीच बजावलं होतं तिने, मी बोलेन तेवढंच. चार ओळी. मी मुकाट्याने केल्या. शेवटी फक्त एक वाढवली, 'अर्जदाराचे पतीही अनुभवी असून योग्य पदाच्या प्रतीक्षेत आहेत.' निलमने पत्र वाचलं, ती ओळ पुसली, प्रिंट काढायला पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला. जाताना म्हणाली, बारकीची वेणी घाल. नवशी ब्लाऊजला आली तर चार दिवसांनी ये म्हणून सांग.

सकाळी १०
वेणी सुटली. पुन्हा घातली. पुन्हा सुटली.

सकाळी ११.१५
नवशी आली. सांगितलं, चार दिवसांनी ये. तेवढंच. एक शब्द वाढवला नाही.
ती उंबऱ्यातच थांबली. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग जवळ येऊन माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "बरं नाय का रे तुला?"