काकूची वांगी अन् तुझा निबंध

सपना,

मी बसनं शाळेत शिकवायला चालली. तुझा 'आमचे शेजारी' निबंध वाचला. चार ओळीतच संपवला! म्हणे शेजारी चांगले आहेत, साखर देतात. काकूनं आपल्याला साखर कवा देल्ली, सांग बरं?

आता माझं ऐक. लिहिलेल्या ओळीला "काऊन?" विचारायचं, कारण शोधायचं. जे उत्तर येते, ते पुढची ओळ. आपल्या शेजारी कोण राह्यते? तुझी सख्खी काकू. तिच्या मळ्यात वांगीच वांगी, अन् आपण बाजारातून विकत आणतो. काऊन? आई तिच्या घरचं काहीच घेत नाही. काऊन? इथं यायच्या आधीच तू पेन खाली ठेवला. निबंध तर इथूनच सुरू होते, बाई.

ओट्यावर गंजात भाजी झाकून ठेवली आहे. वांगी काकूचीच आहेत, मी सोता मागून आणली. आईला तसंच सांग, लपवू नको. "काऊन आणली?" म्हणून ओरडली, तर तू बी विचार, "काऊन नाही आणायची?"

उत्तर आलं तर लिही. आई रडली, तर वही बंद कर अन् तिला पोळी वाढजो. निबंध उद्या देल्ला तरी चालते.

तुझी वहिनी,
यामिनी