क्रेनवर ऐकू आलेला "थांब"

बाबा,

वॉकीटॉकी शोधत बसू नका, मी सोबत नेलाय. जुन्या बाजारातून आणलात तेव्हा त्यात आधीच्या मालकाचे चॅनेल तसेच होते, आणि त्यातला एक नेमका आमच्या साइटचा निघाला.

काल घरासमोरच्या साइटवर माझ्या क्रेनचा भार झुलताना तुम्हाला गॅलरीतून दिसला आणि तुम्ही वॉकीटॉकीवर "थांब!" म्हणालात. "थांब" कोणीही म्हणो, क्रेन थांबवायचीच, हे तुम्हीच शिकवलेलं. आवाज तुमचा, हात आपोआप थांबला. सळयांचा भारा खालच्या माणसांच्या डोक्यावर लोंबकळत राहिला.

मुकादमाला सांगून टाकलंय, तो आवाज माझ्याच वडिलांचा म्हणून. त्याने कपाळावर हात मारला.

संध्याकाळी दुकानात जुने चॅनेल पुसून घेतो. वॉकीटॉकी वापरायचा परवाना मिळेपर्यंत बोलायचं बटण दाबायचं नाही, आणि आमच्या चॅनेलवर तर कधीच नाही. निवृत्त झालात तरी तुमचा जीव साइटवरच असतो, कळतं मला.

दुपारच्या सुट्टीत गॅलरीत या. पूर्वी खाली उभे राहून मला करायचात, तशी हाताने खूण करा. ती मला एकट्यालाच दिसेल.

धाकटा