सुट्टीचा विरस नको

२ मे

चि. सौ. वन्संना,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. तुमच्या रात्रपाळ्या आता संपल्या असतील.

यंदाच्या सुट्टीची सगळी व्यवस्था मी माझ्याकडे घेतली आहे. तुमचे दादा आधी ‘बघू, बघू’ करत होते. पण डोक्याला ताप न होता सुट्टी घालवायची तर एकानेच सगळं ठरवलेलं बरं, हे त्यांना पटलं. घर तळ्याकाठीच घेतलंय, फक्त पलीकडच्या काठाला. होडीने जावं लागतं आणि तिथे फोन नाही. गेल्या वर्षीच्या घरात फोन होता, त्याचा तुम्हा दोघांना किती त्रास झाला ते मी विसरलेले नाही.

सामानाची चिंता करू नका. काचसामानाच्या गोदामात इतकी वर्षं खोकी भरतेय. माझ्या हातून कपाचा कान तुटत नाही, तर तुमच्या भावाचा मोजा कशाला हरवेल? जड ते तळाला, पोचल्यावर लागेल ते वर, औषधं वेगळ्या पिशवीत. मासे धरायचे गळ टॉवेलात गुंडाळलेत, नाहीतर पहिल्याच दिवशी तुमचे दादा स्वतःचंच बोट पकडायचे.

मला मात्र गोदामातली मालमोजणी उरकून निघावं लागेल, आणि छबीलाही ऑफिसातून रविवारपासूनच रजा आहे. तुम्ही बहीणभाऊ पुढे व्हा. आम्ही मायलेकी मागून येऊ.

लोभ आहेच, तो असू द्यावा.

तुमची,
वहिनी

---

७ मे

ती. सौ. वहिनींना,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र वॉर्डातच वाचलं आणि बरोबरच्या नर्सला म्हटलं, अशी भावजय नशिबाने मिळते. तिला वाटलं मी टोमणा मारतेय.

खरं सांगू का, जीव भांड्यात पडला. गेल्या वर्षी तुमची आई अत्यवस्थ असल्याचा निरोप दादाने सुट्टी संपेपर्यंत पोटात ठेवला, तेव्हापासून तुम्ही आमच्याशी कामापुरतंच बोलत होतात. त्याने मला विचारलं होतं आणि मी त्याला नर्स म्हणूनच सल्ला दिला. त्या अवस्थेत माणूस कुणाला ओळखत नाही. तुम्ही धावत जाऊन काय करणार होतात? उगाच सगळ्यांच्या सुट्टीचा विरस झाला असता. त्याने केलं ते तुमच्या भल्यासाठीच. आता तुमच्या मनातून ते गेलं, हे वाचून बरं वाटलं.

छबीला म्हणावं, आत्या पोहायची पैज विसरलेली नाही. आणि तिच्या त्या सर्वेअरच्या आठवणीत तोंड पाडून बसायचं नाही. लग्न थंडीत आहे, पळून जात नाही. दादा तर आतापासूनच त्या दिवशी चार शब्द बोलायची तयारी करतोय. दाढी करताना पुटपुटतो म्हणे.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
नणंद

---

२० मे, तळ्याकाठून

ती. सौ. वहिनींना,

सा. न. जागा फार सुंदर आहे. सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि घरात घड्याळाशिवाय कसला आवाज नाही. बॅगा उघडल्या तर इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. दादा म्हणाला, हिने आपल्यालाही असंच गुंडाळून पाठवलं असतं.

रविवार होऊन गेला, तुम्ही दोघी आला नाहीत. रोज होडी लागायच्या वेळी दादा धक्क्यावर जाऊन उभा राहतो. मला सांगतो, मासे बघायला जातो. तुमची मालमोजणी लांबली असेल असं मी त्याला समजावते, पण दोन ओळी लिहा. पत्र होडीवाला आणून देतो.

वाट पाहतोय.

तुमची,
नणंद

---

२३ मे

चि. सौ. वन्संना,

आशीर्वाद. पत्र मिळालं. घर आवडलं, सामान नीट पोचलं, वाचून समाधान झालं. त्यासाठीच खपले होते.

शनिवारी छबीचं लग्न झालं. जावयाला परदेशातलं काम एप्रिलमध्येच मिळालं होतं, आणि बायको म्हणून तिला बरोबर न्यायची तर नोंदणी उरकणं भाग होतं. कचेरीत साक्षीला माझा भाऊ होता. काल संध्याकाळी मी दोघांना विमानतळावर सोडून आले. छबीच्या रजेचं म्हणाल, तर ती नोकरीच सोडून गेली.

तुम्हाला कळवता आलं असतं. निरोप घेऊन होडी आली असती. पण तुम्ही येऊन काय करणार होतात? नोंदणीत बापाची सही लागत नाही, आत्याची तर नाहीच. उगाच सुट्टीचा विरस झाला असता.

छबीला मी काही शिकवलं नाही. फक्त विचारलं, बाबांना बोलवायचं का? गेल्या वर्षी आजी जात असताना ती तुमच्याशी पैज लावून पोहत होती. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. तिने बराच वेळ विचार केला आणि नको म्हणाली.

आणखी एक. माझी आई शेवटपर्यंत ओळखत होती. दार वाजलं की माझंच नाव घ्यायची, असं भावाने सांगितलं. तुमच्या नर्सिंगच्या पुस्तकात हे नसावं.

घराचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलं आहे. मजेत राहा.

वहिनी

---

२६ मे

वहिनी,

मायना सुचत नाही, तसंच लिहिते.

पत्र दादानेच आधी वाचलं. मला वाटलं भांडी फुटतील. तो उठला. धक्क्यावर गेला आणि होडी येऊन गेली तरी तिथेच उभा राहिला. मी तुमच्यावर इतकी चिडले होते की तुम्हाला काय काय लिहायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. मला शिक्षा द्यायची होती तर द्यायची, पण बापाला मुलीच्या लग्नाला मुकवायचं? ती परत कधी येईल कोण जाणे. हे माझ्या आयुष्यात भरून निघणारं नाही, त्याच्या तर नाहीच.

जेवताना त्याने मला एवढंच विचारलं, छबीने कोणत्या रंगाचे कपडे घातले असतील. मला कुठे माहीत? वहिनी, तेवढं तरी लिहा. तो तुम्हाला आपण होऊन विचारणार नाही, तुम्ही त्याला ओळखता.

उद्याच्या होडीने निघतोय.

नणंद

---

४ जून

चि. सौ. वन्संना,

आशीर्वाद. तुम्ही चिडलात ते योग्यच आहे. मी चिडले होते तेव्हा मात्र मला सगळे समजूतदारपणा शिकवत होते.

केलं त्याचा मला पश्चात्ताप नाही, हे आधी सांगते. सही करताना छबीने एकदा दाराकडे पाहिलं, तेवढं माझ्या जिवाला लागलं. ते माझं मी सोसेन.

हे आले. बॅगा त्यांनी स्वतःच रिकाम्या केल्या, जन्मात पहिल्यांदा. घरात आम्ही दोन परक्या भाडेकरूंसारखे वावरत होतो. तुमचं पत्र आलं होतं, रंग सांगणं माझ्या हातात होतं. सांगितला नाही. वर्षभरात ह्या माणसाने मला एकदाही विचारलं नाही की मी पोचले तेव्हा आई कशी दिसत होती, तिच्या उशाशी कोण होतं, मी काय केलं. मी का म्हणून आपण होऊन सांगू?

काल दुपारी मी भांडी पुसत होते. हे मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं आता छबीचं विचारतील, आणि उत्तर मी तयार ठेवलं होतं, चांगलं धार लावून. त्यांनी आईचं विचारलं. ती गेली तेव्हा तिला फार त्रास झाला होता का, म्हणाले.

मी सगळं सांगितलं. मी पोचले तेव्हा तिची करंगळी कुणाचं तरी बोट धरल्यासारखी अजून वाकलेली होती, तेसुद्धा. बोलता बोलता संध्याकाळ झाली. त्यांनी माफी मागितली नाही. मागितली असती तर मी दिली नसती.

छबीच्या कपड्यांचा रंग मी अजून सांगितलेला नाही. त्यांनीही विचारला नाही. अजून आपली पाळी आलेली नाही, एवढं त्यांना कळलं असावं. तुम्हीही इतक्यात विचारू नका.

तब्येतीला जपा. राग असेल तर असू द्या, पण पत्र पाठवत जा.

वहिनी