दांडी काढली, दांडी मारली

४ मार्च, मंगळवार

जावईबापूंची गाडी आजपासून आणखी चार इंच उंच! आधीच तिच्यात चढायला मला स्टूल लागायचं, आता शिडीच आणावी लागणार. म्हणाले, "आई, आता खालून दगड लागणार नाहीत." दगड कसले, खालून म्हैस आरामात जाईल! मुलगी नुसती हसली. लग्नाला सहा वर्षं झाली तरी हसते, हे विशेष.

७ मार्च, शुक्रवार

जेवताना तासभर दांडीपुराण. गाडीखाली एक आडवी लोखंडी दांडी असते म्हणे — इंग्रजीत स्वे बार. ती डाव्या चाकाला उजव्याशी बांधून ठेवते, म्हणून वळणावर गाडी झुकत नाही. दगडधोंड्यांत जायचं तर ती सोडवायची, मग प्रत्येक चाक आपल्या मर्जीने वरखाली व्हायला मोकळं. रस्त्यावर यायच्या आधी पुन्हा जोडायची. "नाहीतर जोरात वळवली की कलंडते, आई." दोन वाट्या आणि एक चमचा घेऊन प्रात्यक्षिकही झालं. त्यात पाण्याचा तांब्या कलंडला. पुसलं कुणी? मीच.

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दांडीचे अर्थ मला विचारा! कपडे वाळत घालायची दांडी, चष्म्याची दांडी, कामाला मारतात ती दांडी. शेवटचीत जावईबापू निष्णात. गेल्या महिन्यात चिखलात गाडी घालायला दोनदा ऑफिसला दांडी मारली. साहेबांनी झापलं. मग मुलीला वचन — पुन्हा नाही!

९ मार्च, रविवार

दगडप्रेमी मंडळ सकाळी गेलं, संध्याकाळी परतलं. चार बापे, नखशिखांत चिखल, आणि चेहऱ्यावर शाळेला सुट्टी मिळाल्याचा आनंद. दिवसभरात दगडांतून किती अंतर कापलं? तीन किलोमीटर! तेवढं तर मी भाजी आणायला चालते.

दांडी जोडायची एक पिन चिखलात हरवली. त्यामुळे घरापर्यंत बैलगाडीच्या वेगाने आले. नवी पिन उद्या आणणार आहेत, हे मलाच सांगितलं; मुलगी तेव्हा बाहेर गेली होती.

१० मार्च, सोमवार, सकाळ

आज एक फर्मास कोटी साधली!

मुलगी अंघोळीला गेली होती, म्हणून जावयांनी मला फोन केला. "आई, मी ऑफिसात पोचलोय. तिला सांगा, दांडी काढलेली आहे, गाडी नेऊ नकोस. संध्याकाळी पिन आणतो."

ती केस पुसत बाहेर आली. "कुणाचा फोन होता?"

"तुझ्या नवऱ्याचा. दांडी मारलीय म्हणे!"

कसली भडकली! "वचन दिलं होतं ना त्याने? मित्राच्या गाडीतून गेला असेल! मग मीच का रोज बसमध्ये लोंबकळू? आज गाडी मी नेणार!" दहा मिनिटं तणतणत आवरत होती. मी गालातल्या गालात हसत होते. एका क्रियापदाने केवढी करामत केली!

खुलासा संध्याकाळी करीन. तोवर जावयांची थोडी जिरू दे. तिचं ऑफिस वीस मिनिटांवर, रस्ता सरळ. एक दांडी नसली तर काय आभाळ कोसळणार आहे?

१० मार्च, संध्याकाळ

पुलावर कुत्रं आडवं आलं. तिने एकदम चाक फिरवलं. गाडी कलली आणि कठड्यावर आदळली.

खांद्याजवळचं हाड मोडलंय. जिवावरचं हाडावर निभावलं.

११ मार्च, मंगळवार

दवाखान्यात मुलगी नवऱ्याला म्हणाली, "आई म्हणाली तू दांडी मारलीस. काढली आहेस हे मला कुणी सांगितलं?"

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझाच आवाज तुटत होता. आईंना नीट ऐकू आलं नसेल."

मी मान डोलावली. हो — डोलावली!

"ती गाडी विक," मुलगी म्हणाली. "नाहीतर मी घर सोडते." "विकतो," म्हणाले. एवढंच.

१३ मार्च, गुरुवार

मी आता अधिकृत बहिरी. शेजारीण दारातून किंचाळून तब्येत विचारते. मुलगी चिठ्ठ्या लिहून दाखवते, एका ओळीत शुद्धलेखनाच्या तीन चुका! दुरुस्त करायला हात शिवशिवला, पण कुठल्या तोंडाने करू? कान तपासायला मंगळवारची वेळ घेतलीय. मोडक्या हाडानिशी तिने माझ्यासाठी चार ठिकाणी फोन केले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ मार्च, रविवार

ग्राहक येऊन गेला. कोट घातलेला, बूट चकचकीत. दगड याने फक्त फरशीच्या दुकानात पाहिले असावेत. जावई गाडीखाली शिरून त्याला दांडी कशी काढायची, कशी लावायची ते दाखवत होते. नवी पिन त्यांनी रुमालाने पुसून त्याच्या हातात दिली. "काढलेली असली की घरात प्रत्येकाला स्वतः सांगा," म्हणाले. "निरोपावर सोडू नका."

मी गॅलरीत उभी होते. दोन वर्षं ही गाडी दारातून जावी म्हणून जप करत होते. आता जातेय तर बघवत नाही. बुधवारी घेऊन जाणार आहे.

१७ मार्च, सोमवार

शेजारणीचे कान तिथेच तपासले होते. तिच्याकडून माहिती काढली. कानाला हेडफोन लावतात, बारीक शिट्टी वाजली की बटण दाबायचं. सोपं आहे. तीन शिट्ट्या वाजल्या की एकदा दाबायचं. वयोमानाने कान गेले, संपलं! मुलगी माझीच राहील, गाडीची पीडाही जाईल. जावईबापू काही बोलायचे नाहीत.

ते बोलणार नाहीत, याचाच जास्त राग येतो.

१८ मार्च, मंगळवार

प्रत्येक शिट्टीला बटण दाबलं. सगळ्यात बारीक होती तिलासुद्धा.

दोन्ही कान उत्तम. मुलीने रिपोर्ट दोनदा वाचला. मग अगदी हळू विचारलं, "आई, त्या दिवशी तो फोनवर नेमकं काय म्हणाला होता?"

शब्दन् शब्द सांगितला.