नव्या भट्टीचा हिशेब

६ फेब्रुवारी

गॉटहार्डने आज फाईल पुढ्यात टाकली. "टीरा, भट्टी नवी बांधायची की काचकाम बंद करायचं? पुढच्या सोमवारपर्यंत सांग." एवढंच! जणू कॉफी घेणार का विचारतोय. कारखाना त्याच्या आजोबांचा. वीस वर्षं मी इथले आकडे सांभाळते — 'बंद' हा शब्द त्याच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकला.

७ फेब्रुवारी

खिडकीबाहेर तळं गोठलंय. धुकं इतकं, की पलीकडचा काठ कुणी पुसूनच टाकलाय. आकडे मांडता मांडता कितीतरी वेळ तिकडेच बघत बसले.

चार कोटी क्रोनर लागणार. बँक देईल, पण कारखान्याचं जंगल तारण मागते. स्टॉकहोमचे गुंतवणूकदारही देतील — त्यांना निम्म्याहून जास्त मालकी हवी.

९ फेब्रुवारी

गुरुवार, म्हणजे जेवायला वाटाण्याचं सूप — इथली जुनी रीतच. सिक्स्टेन समोर येऊन बसला — आमचा सगळ्यात जुना काच फुंकणारा. "काय गं, आमचं मरण लिहून झालं का?" सगळे हसले. मीही हसले. सूप मात्र तसंच ठेवून उठले.

नंतर भट्टीपाशी उभी राहिले. त्याच्या नळीच्या टोकाला काच मधासारखी लोंबत होती, हळूहळू फुगत होती... बघता बघता वाटलं, मी झोपेतच चालत आलेय इथवर.

१० फेब्रुवारी

तीनदा मांडून पाहिलं. पैसे वसूल व्हायला चौदा वर्षं. भट्टी टिकते दहा.

१३ फेब्रुवारी

संचालकांपुढे सांगून टाकलं — बांधू नका. कर्ज काढूनही नको, मालकी विकूनही नको. गॉटहार्डने आजोबांच्या टेबलावरून हात फिरवला. मग म्हणाला, "तू खोटं बोलत नाहीस. हाच तुझा वैताग आहे बघ!" ठराव झाला: जूनमध्ये भट्टी विझवायची.

बाहेर आले तर बर्फ भुरभुरत होतं. कशालाच आवाज नव्हता.

१४ फेब्रुवारी

पहाटे स्वप्न पडलं. गोठलेल्या तळ्याखाली भट्टी पेटलेली, आणि मी वरून अनवाणी चालतेय.

१७ फेब्रुवारी

सिक्स्टेन माझ्या खोलीत आला, कागद ठेवला. एकतीस कामगारांच्या सह्या! एक कोटी ते स्वतःच्या बचतीतून घालणार, भागीदार होणार, उरलेले बँकेकडून. गॉटहार्ड तयार आहे.

"अरे, बुडतील तुमचे पैसे! चौदा वर्षं —"

"ठाऊक आहे गं. तुझा अहवाल वाचलाय आम्ही."

बत्तिसावी सही मी केली. वीस वर्षांत पहिल्यांदाच वाटतंय — माझा हिशेब चुकू दे!